उन्हाची शिंक

कुंदावहिनी घरातून अंगणात आल्या की शिंकायच्या. एकदा नाही, लागोपाठ तीनदा. पहिली शिंक लहानशी, चुकून आल्यासारखी. दुसरी जरा ठसक्यात. आणि तिसरी अशी, की शेजारच्या बदामाच्या झाडावरचे कावळे उडायचे. मग पदरानं नाक पुसत, पाणावलेल्या डोळ्यांनी त्या वर माझ्या गॅलरीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "झाल्या मॅडम आमच्या तोफा. आता उगवा म्हना सूर्याले."

मी तेव्हा देवळीच्या शाळेत नोकरीला लागले होते आणि गुल्हान्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. त्यांचं ढेप-सरकीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. रस्त्याकडे दुकान, दुकानामागे पोत्यांचं गोदाम, त्यामागे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, आणि अगदी शेवटी अंगण. आगगाडीसारखं एकामागे एक जोडलेलं घर. मधल्या खोल्यांना खिडकी नव्हती. उन्हाळ्यात तर दारंसुद्धा लावून घेत, कूलर घुरघुरत असे, आणि भरदुपारी आत दिवा लावल्याशिवाय हाताला हात दिसत नसे. दुकानाच्या तोंडाशी कायम पोती पडलेली, म्हणून घरातली माणसं बाहेर जायची ती मागच्या अंगणातून. तिथंच मोटारसायकल उभी असे. म्हणजे जो कुणी कामाला निघे तो माझ्या गॅलरीखालून निघे, आणि त्याला काही द्यायला म्हणून कुंदावहिनी अंधारातून उन्हात आल्या की शिंकत.

निघताना शिंकलेलं आपल्याकडे चालत नाही, हे मी सांगायला नको. माणूस पायरी उतरत असला आणि कुणी शिंकलं की त्यानं परत आत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. बहुतेक घरांत हे वर्षातून दोनचारदा होत असेल. गुल्हान्यांच्या घरात ते दिवसातून दोनचारदा होई.

कुंदावहिनींचं माहेर पवनारचं. धाम नदीच्या काठाला त्यांच्या वडिलांची वांग्या-मिरच्यांची वाडी होती. ही शिंक वडिलांकडूनच आलेली. सकाळी ते झोपडीतून बाहेर आले की तीन शिंका देत, आणि आई चुलीपासून म्हणे, "उजाडलं वाटते." लहानपणी बापलेक मुद्दाम बरोबर बाहेर येत आणि कुणाची तिसरी शिंक मोठी यावर पैज लावत. हे सांगताना वहिनी अशा हसायच्या की त्यांना पुढचं सांगता यायचं नाही. "आमच्या घरी शिंक म्हंजे कोंबडा होता मॅडम. अन् इथं आली तं घुबड झाला."

मी एकदा विचारलं, नेमकं होतं तरी काय? त्यांनी विचार केला. "अंधारात हाव तोपर्यंत काई नाई. उन्हात पाय ठेवला का डोये मिटतेत आपोआप. मंग इथं," त्यांनी दोन भुवयांच्या मध्ये खाली बोट ठेवलं, "नाकाच्या मुयाशी कोनी मोरपीस फिरवल्यावानी होते. श्वास आत भरते. मले समजते का आता येनार हाय. पन थांबवता येत नाई. गाडी उतारावर सुटल्यावानी." आणि जरा थांबून, "उलटंही होते ना. उन्हातून आत आलं का घडीभर काईच दिसत नाई. पोत्यायले धडकते. आत आली का आंधळी, बाहेर गेली का पांढऱ्या पायाची. उंबऱ्यावरच खोली बांधून द्या म्हनते मी यायले."

हे त्या गमतीनं म्हणायच्या. निदान तेव्हा.

त्यांच्या सासूला सगळी गल्ली माई म्हणे. माईंना वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तेवढंच खरं नाही. नवरा ऐन चाळिशीत गेला तेव्हा पदरात दोन मुलं होती, सुरेश आणि विलास. बाईनं दुकानाच्या गादीवर बसून, व्यापाऱ्यांशी भांडून, ढेपेची पोती स्वतः मोजून घेऊन घर उभं ठेवलं. नवरा सकाळी चांगला हसत हिंगणघाटच्या बाजाराला गेला होता आणि तिथंच छातीत कळ येऊन पडला. त्या सकाळी कुणी शिंकलं होतं का, ते माईंना आठवत नव्हतं. पण कुणीतरी शिंकलंच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून घरातलं माणूस बाहेर पडायला लागलं की माई अंगणाच्या दाराशी येऊन उभ्या राहत, आणि ते गल्लीचं वळण घेईपर्यंत त्यांच्या अंगावरचा एक केसही हलत नसे. अशा घरात सून आली ती उन्हात शिंकणारी.

थोरला सुरेश म्हणजे वहिनींचा नवरा. भला माणूस. त्याच्या तोंडून कुणाला वाईट शब्द गेलेला मी ऐकला नाही. चांगला शब्दही फारसा नाही. माई वहिनींना बोलायला लागल्या की सुरेशभाऊ उठून दुकानात जात आणि फडकं घेऊन पोत्यांवरची धूळ झटकायला लागत. ढेपेच्या पोत्यावरची धूळ झटकून कधी संपली आहे का? पण त्यांची संपत नसे, तोवर माईंचं बोलणं संपून जाई.

धाकटा विलास मात्र वहिनींच्या बाजूचा. उंच, सडसडीत, तोंडानं फटकळ. तो निघताना मुद्दाम हाक मारायचा, "वहिनी, बाहेर या बरं, येक शिंक द्या. लायसन काढाले गेलतो तवा तुमी शिंकल्या अन् पयल्या झटक्यात पास झालो." माई आतून ओरडायच्या, "मेल्या, काय बोलून राह्यला?" तो म्हणायचा, "माई, बारावीच्या पेपरले तुह्या पद्धतीनं बसून गेलो ना, तवा दोनदा नापास झालो." वहिनी तोंडावर पदर धरून हसायच्या. त्या घरात त्यांच्या शिंकेवर हसणारा तो एकटाच होता, आणि त्याच्यामुळेच बाकीच्यांचं सहन होत होतं, हे आता कळतं.

माईंनी उपाय कमी केले नाहीत. कुणीतरी सांगितलं की सकाळीच तपकीर ओढून साऱ्या शिंका काढून टाकल्या की दिवसभर येत नाहीत. मग आठवडाभर वहिनी पहाटे चुलीशी बसून तपकीर ओढत, शिंकून शिंकून त्यांच्या पोटात कळा येत, आणि नऊ वाजता वसुलीला निघालेल्या सुरेशभाऊंचा डबा घेऊन अंगणात आल्या की तीन शिंका पुन्हा ठरल्याप्रमाणे. एका महाराजानं नाकाला गंडा बांधायला सांगितलं. "नाकाले कसा बांधाचा?" असं विलासनं विचारल्यावर तो गळ्यात बांधला गेला.

शेवटी मी माईंना म्हटलं, डॉक्टरला तरी दाखवू. त्यांनी मोठ्या मुश्किलीनं हो म्हटलं. वर्ध्याला कान-नाक-घशाचे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी नाक तपासलं, काही सापडलं नाही. वहिनींनी सगळं सांगितलं तसे ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, आम्हाला अंधारात गप्प बसवलं आणि अचानक वहिनींच्या डोळ्यांवर बॅटरीचा झोत टाकला. एक, दोन, तीन. डॉक्टर लहान मुलासारखे खूश झाले.

"बाई, तुम्हाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "अंधारातून एकदम उजेडात आलं की सगळ्यांच्याच डोळ्याची बाहुली झटकन लहान होते. काहीजणांच्यात मेंदूकडे गेलेला तो निरोप शेजारच्या नाकालाही ऐकू जातो. एवढंच. घरात आणखी कुणाला आहे?"

"बाबाले."

"मग तुमच्या लेकरालाही असू शकेल. आईबापाकडून येतं हे. औषध नाही, कारण आजारच नाही. बाहेर पडताना काळा चष्मा लावा, फरक पडेल."

परतीच्या एसटीत वहिनींनी शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं, "मले काई नाई झालं. डोयाचा निरोप नाकाले जाते." बसस्थानकासमोरच्या गाडीवरून त्यांनी एक काळा गॉगल घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गॉगल लावून, हातात डबा घेऊन अंगणात आल्या. मी वरून श्वास रोखून बघत होते. उन्हात उभ्या राहिल्या. काही नाही. शिंक आली नाही. त्यांनी वर पाहून माझ्याकडे हात हलवला, जशी काही बोट पैलतीराला लागली.

दाराशी माई उभ्या होत्या. म्हणाल्या, "गल्लीत लोक हासून राह्यले. ढेपवाल्याची सून गॉगल लावून आंगन झाडते. काढ तो."

"माई, पन शिंक नाई आली ना."

"काढ म्हनलं ना."

डॉक्टरांनी सांगितलेलं मी माईंना समजावून सांगायला गेले. आजार नाही म्हणाले, मी म्हटलं. माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्या बाजूनं बोलले आहे. "मॅडम, आजार असता तं बरा झाला असता. हे तं नशिबातच घेऊन आली ना ती." सुरेशभाऊ दुकानात पोती झटकत होते. गॉगल काही दिवस खुंटीवर होता, मग विलासनं उचलला आणि तो लावून गावभर फिरला.

ती गोष्ट घडली तेव्हा वहिनींचा प्रतीक चार वर्षांचा होता. एप्रिल महिना, रविवार. विलासला वर्ध्याला जायचं होतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यानं अंगणात मोटारसायकल सुरू केली आणि हेल्मेट आत गोदामातल्या खिळ्यालाच राहिलं. ते वहिनींच्या लक्षात आलं. ते घेऊन त्या काळोख्या गोदामातून स्वयंपाकघर ओलांडून धावत अंगणात आल्या, अकराच्या उन्हात. हेल्मेट छातीशी धरलेलं, आणि तीन शिंका.

"झालं, काम फत्ते," विलास हसून म्हणाला आणि हेल्मेटसाठी हात पुढे केला.

"विलास," दारातून माई म्हणाल्या. "उतर. आत ये."

"माई, उशीर होऊन राह्यला."

"बस जरा. पानी पे. मंग जाजो."

तो वैतागला. पण माईंशी त्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नव्हता. गाडी बंद करून तो आत गेला. बसला असेल, पाणी प्यायला असेल, तोंडात गुळाचा खडा टाकून बाहेर आला. तेवढा वेळ वहिनी अंगणात हेल्मेट धरून उभ्याच होत्या. त्यांनी ते त्याला दिलं, त्यानं घातलं, पट्टासुद्धा लावला. "येतो वहिनी," म्हणाला आणि गेला.

वर्धा रोडवरच्या एका वळणावर बसला मागे टाकायला निघालेला ट्रक समोरून त्याच्या अंगावर आला. हेल्मेट डोक्यावर होतं. मार छातीला बसला होता.

संध्याकाळी त्याला आणलं तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माई रडल्या नाहीत. त्या गर्दीतून सरळ वहिनींसमोर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खाल्लं ना वं माह्यं लेकरू. शिंकली ना तू." आणि मग खाली बसल्या. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीही म्हणालं नाही की माई, असं बोलू नका. मी सुरेशभाऊंकडे बघितलं. त्या दिवशी झटकायला पोतं नव्हतं म्हणून ते नुसतेच जमिनीकडे बघत उभे होते.

तेरवी झाल्यावर एका दुपारी वहिनी जिना चढून माझ्याकडे आल्या. पूर्वी कधी अशा दुपारच्या येत नसत. भिंतीशी टेकल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? तो शिंकेवर तसाच निघून गेला असता, तं त्या वयनावर ट्रक आला तवा तो कुठी असता?"

मला लगेच कळलं नाही.

"पार पुढं गेला असता," त्यांनीच उत्तर दिलं. "वर्ध्यात पोचला असता कदाचित. तो बसला तेवढाच वेळ आडवा आला."

"हे तुम्ही सुरेशभाऊंना तरी सांगा," मी म्हटलं. "माईंना सांगा. तुम्हाला किती बोलतात सगळे."

त्यांनी मान हलवली. "नाई. त्यायनं बसवलं ना त्याले. जीव वाचावा म्हनून बसवलं. हे त्यायच्या ध्यानात आनून देलं तं बुढी कशी जगन? माह्यं काय, मी तं परक्या घरची. मले बोलून त्यायचं दुख हलकं होत असन तं बोलू द्या." जायला उठल्या, दाराशी थांबल्या. "पन मॅडम, तुमाले ठाऊक असू द्या. कोनाले तरी ठाऊक असलं पाह्यजे."

तोंडातून एक वाक्य काढलं असतं तर त्या सुटल्या असत्या. त्यांनी ते काढलं नाही. मला त्या वेळी हे फार मोठं वाटलं होतं. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या मोठेपणाचं त्या घरानं काय केलं? पायपुसणं केलं.

त्यानंतर घरात नियमच झाला. कुणी निघालं की माई म्हणत, "कुंदे, आत हो." सकाळी सुरेशभाऊ निघाले की "आत हो." प्रतीक शाळेला निघाला की "आत हो." पाहुणे निघाले की त्यांच्यासमोर, "आत हो." वहिनी जात, गोदामाच्या अलीकडच्या खोलीत, आणि माणूस वळणापार गेला की माई दारावर टिचकी मारीत, तेव्हा बाहेर येत. पोराला शाळेत सोडायला त्या कधी गेल्या नाहीत. त्याच्या पाठीवर दप्तर अडकवून देत ते आतल्या आत, अंधारात.

आणि आत राहून राहून ऊन त्यांना अधिकच बाधायला लागलं. कपडे वाळत घालायला आल्या तरी डोळ्यांतून धारा लागत. तीनच्या पाच शिंका झाल्या. "हे पाहा," त्या म्हणाल्या, "घुबडच करून टाकलं मले." त्यात हसू नव्हतं.

सगळ्यात कडू गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. प्रतीकलाही ती शिंक होती. डॉक्टर म्हणाले होते तसंच. पाच-सहा वर्षांचा असेल, आतून उड्या मारत अंगणात आला की डोळे मिचकावून तीन शिंका द्यायचा. तिसरी सगळ्यात मोठी. आणि दाराशी उभ्या असलेल्या माई दोन्ही हातांनी त्याच्यावरून बोटं मोडून म्हणायच्या, "शंभर वर्षाचा हो माह्या राजा. आज्यावानी नाक हाय लेकराचं." आतल्या खोलीच्या दारामागे त्याची आई उभी असायची. तिला हे ऐकू जायचं. एकदा मी जिन्यावरून उतरत होते तेव्हा आमची नजरानजर झाली. त्यांनी भुवया उंचावल्या, एवढंच.

पुढे माझी बदली झाली आणि मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला घर घेतलं. देवळीला जाणं-येणं राहिलं. माईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचं सगळं वहिनींनी केलं. उठवणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं. एका हाताची बोटं आणि थोडी जीभ एवढंच माईंचं चालत होतं. मी भेटायला गेले की वहिनी त्यांच्या केसांना तेल लावत असत, किंवा वरणभात कालवून चमच्यानं देत असत. माई मुकाट्यानं खात. मला वाटे, आता तरी. इतक्या दिवसांत एकदा तरी ती बाई हिच्या डोक्यावरून हात फिरवील.

शेवटी श्वास लागला तेव्हा वर्ध्याला न्यायचं ठरलं. मी योगायोगानं तिथंच होते. अंगणात रुग्णवाहिका उभी होती. माईंना स्ट्रेचरवर घालून बाहेर आणलं, आणि गाडीत चढवताना त्यांनी चालता हात उचलला. बोटं हलवली, कुंदावहिनींकडे बघून. सुरेशभाऊ म्हणाले, "थांबा थांबा, माई कुंदाले बोलावते." वहिनी दारातल्या सावलीत होत्या. त्या पुढे झाल्या. माईंची बोटं आणखी जोरात हलली, आणि मग आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं. त्या बोलावत नव्हत्या. "आत हो" म्हणत होत्या.

वहिनी आत गेल्या. बाहेरून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. माई दुसऱ्या दिवशी गेल्या, दवाखान्यात, परक्या नर्सच्या हातचं पाणी पिऊन.

मला वाटलं होतं, इथं तरी हे संपेल. आता घरात वहिनींना आत घालणारं कुणी नव्हतं. प्रतीक पुण्याला इंजिनिअर झाला होता. सुट्टीत आला की मोबाईलवर आईला काय काय दाखवायचा. एकदा माझ्यासमोर त्यानं एक व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा डॉक्टर उन्हाच्या शिंकेबद्दल बोलत होता आणि प्रतीक मराठीत सांगत होता. "बघ आई, जगात लाखो लोकांना आहे. शकुन-बिकुन काही नाही. आजी उगाच तुझा जीव खायची." वहिनींनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. मग त्यांनी पोराच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुह्या काकाले दाखवाले पाह्यजे होता." त्या रात्री त्यांनी त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. सण नसताना.

प्रतीकचं लग्न झालं. बायको पुण्याचीच, त्याच्या कंपनीतली. त्यानंतर त्याला जर्मनीत नोकरी मिळाली. दोघं जायच्या आधी देवळीला आले, त्यांना नागपूरच्या विमानतळावर सोडायला मुलीचे आईवडीलही आले. मला मुद्दाम फोन करून बोलावलं होतं. मे महिना, दुपारची वेळ. अंगणात गाडी उभी, बॅगा चढवून झालेल्या. वहिनींनी नवी साडी नेसली होती आणि ओवाळायचं ताट तयार केलं होतं. गॉगल नाही, काही नाही. डोळे पुसून, तोंड धुऊन, पोराच्या मागे त्या अंगणाच्या दाराकडे निघाल्या.

दारातच प्रतीक थांबला. मागे वळला आणि हळूच म्हणाला, म्हणजे सासूसासऱ्यांना ऐकू जाणार नाही असं, पण मी शेजारीच होते.

"आई, इथं आतच ओवाळ ना. बाहेर नको येऊस."

"काऊन रे?"

"मी काही मानत नाही, तुला माहितीये. पण तिच्या घरचे आहेत, पहिल्यांदाच इतक्या लांब निघालोय... उगाच कशाला?"

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. वीस वर्षांचं साठलेलं एक वाक्य त्यांच्याजवळ होतं. पण त्या म्हणाल्या, "हाओ, बरोबर हाय. आतच करू," आणि त्या काळोख्या खोलीत निरांजनाच्या उजेडात त्यांनी त्याला आणि सुनेला ओवाळलं. दोघं पाया पडली. "सुखरूप जाजो. पोचल्यावर फोन करजो." मग तो बाहेर गेला, उन्हात आला आणि तीनदा शिंकला. त्याची सासू हसून म्हणाली, "सर्दी झाली की काय जावईबापूंना?" सगळे हसले. कुणी त्याला परत आत बोलावलं नाही. कुणी बसवलं नाही. गाडी सुरू झाली.

दारात मी आणि सुरेशभाऊ उभे होतो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर सुरेशभाऊ फडकं घेऊन दुकानाकडे गेले.

मी आत शिरले. मेच्या उन्हातून आल्यामुळे मला काही म्हणजे काही दिसेना. दाराशीच भिंतीला हात लावून उभी राहिले. ताटातलं निरांजन विझलेलं असावं, जळक्या वातीचा वास येत होता.

"कुंदावहिनी?"

हळूहळू डोळे सरावले. आधी पोत्यांची रांग दिसली, मग खाटेची कड, आणि मग त्या. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. डोळे गच्च मिटलेले. आणि एका हाताच्या दोन बोटांनी त्यांनी स्वतःचं नाक चिमटून धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांची नखं पांढरी पडली होती. उन्हाचा एक कवडसाही येत नव्हता त्या खोलीत.

"गेला का दूर?" त्यांनी विचारलं. नाक धरलेलं असल्यामुळे आवाज ओळखू येत नव्हता.

"गेला," मी म्हटलं.

"वयनाच्या पार?"

"हो. पार गेला."

तेव्हा त्यांनी हात खाली घेतला आणि तोंड उघडून श्वास घेतला.